पाठीमागचे गुरुजी : तंजावरच्या नट्टुवनारांची वाटचाल

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या कपाटातील जुनी कार्यक्रमपत्रके आम्ही एकवार चाळली. पिवळ्या पडलेल्या त्या कागदांवर अध्यक्षांची नावे आहेत, देणगीदारांची आहेत, प्रसादाचे लाडू वळणाऱ्या भगिनींचीही आहेत. गणेशोत्सवात नृत्य सादर करणाऱ्या मुलींची नावे तर ठळक अक्षरांत छापलेली आहेत. मात्र त्या मुलींना वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या गृहस्थांचा उल्लेख 'मास्तर' एवढाच. ते तमिळभाषी होते, तंजावरकडचे होते, पुढ्यातील लाकडी ठोकळ्यावर दांडके आपटून ताल धरीत, इतके आमच्यातील वडीलधाऱ्यांना आठवते. नाव कोणालाच आठवत नाही. ही चूक आमचीच आहे, आणि तिची कबुली देऊनच हा लेख आरंभणे आम्हांस उचित वाटते.

शिकविणाऱ्याने मागे राहावे ही रीत तशी सर्वत्रच आहे. आखाड्यात नाव पुकारले जाते ते पैलवानाचे. वस्ताद कडेला उभा असतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाट्टात वल्ही मारणाऱ्या तरुणांवर सर्वांची दृष्टी खिळते. त्यांच्याकडून महिनोन्‌महिने सराव करून घेणारा शिक्षक काठावरच्या गर्दीत कोणाच्या ध्यानातही येत नाही. तंजावरात मात्र हे मागे राहणे अक्षरशः खरे होते. नर्तकी नाचत असता तिचा गुरू हातात झांजेची जोडी घेऊन तिच्या पाठीमागे उभा असे. ती पुढे सरकली की तो पुढे, ती मागे आली की तो मागे. तिच्या पायांना बोल पुरवीत, चुकता ताल सावरीत तो रात्र काढी. या गुरूला तमिळ भाषेत नट्टुवनार म्हणतात. आज भरतनाट्यम या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या नृत्याची घडण ज्यांच्या हातून झाली, ते हेच लोक. त्यांच्या जीवनक्रमाची कथा तंजावरच्या मराठी राज्याशी इतकी गुंतलेली आहे की, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनी ती जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते.

नट्टुवनार घडे तो घरातच. लहानपणी गळ्यावर स्वर आणि हातावर मृदंगाचे बोल चढवावयाचे, मग वडिलांच्या वा मामाच्या शेजारी बसून मुलींचे पाठ पाहावयाचे, ही त्याची पहिली पायरी. पुढे झांजा हाती येत. एक झांज पोलादाची, दुसरी काशाची. तिच्यातून तालाचे बारकावे काढणे हीच एक विद्या होती. 'अडवु' म्हणजे मूळ पदन्यास. ते मुलीकडून पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या काळात घोटवून घेणे, तिची अर्धी बैठक ढळू न देणे, वर्षामागून वर्षे हे केल्यावर तिचे 'अरंगेट्रम्' म्हणजे प्रथम रंगप्रवेश करविणे, हे त्याचे आयुष्यभराचे काम. याशिवाय त्याला रचना करता यावी लागे, राग ठाऊक असावे लागत, तेलुगू व तमिळ पदांचा अर्थ सांगता यावा लागे. स्वतः रंगमंचावर नाचणे बहुधा त्याच्या वाट्यास नसे. शिष्येच्या यशातच त्याचे यश आणि तिच्या प्राप्तीतच त्याचा वाटा.

या व्यवसायाची सर्वांत जुनी साक्ष तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर कोरलेली आहे. राजराज चोळाच्या काळच्या, इ. स. १०१४ च्या सुमाराच्या एका शिलालेखात देवळाच्या सेवेस आणलेल्या ४०० नर्तकींची नावे आहेत. कोणती नर्तकी कोणत्या गावाहून आली, कोणत्या आळीतील कितव्या घरात तिला ठेविले, हेही तेथे नोंदविले आहे. प्रत्येकीस एक घर आणि वर्षाकाठी १०० कलम भाताचा एक वाटा मिळे. त्याच लेखात नृत्य शिकविणारे, गाणारे, वाजविणारे यांचेही वाटे ठरवून दिले आहेत. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, १८०३ साली, त्याच मंदिराच्या आवारात सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. 'भोसले वंशचरित्र' म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी त्या मराठी अक्षरांपुढे उभा राहिला की त्याचा ऊर भरून येतो, आणि ते साहजिकच आहे. परंतु त्याच आवारातील त्या जुन्या तमिळ लेखाकडे त्याचे लक्ष क्वचित जाते. एका लेखात राजवंशाची कथा आहे, दुसऱ्यात राबणाऱ्या कलावंतांची हजेरी आहे. तंजावर समजून घ्यावयाचे तर दोन्ही लेख वाचावे लागतात.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापिली. १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, कावेरीच्या त्या सुपीक खोऱ्यात मराठी राजे नांदले. घरची भाषा मराठी, दप्तर मोडीत, दरबारात तेलुगूचा मान, प्रजा तमिळ आणि पंडितांची संस्कृत, असा तो बहुभाषी संसार होता. व्यंकोजींचे पुत्र शाहजी यांनी मराठीत व तेलुगूत नाटके लिहिली. तुळजाराजांनी संगीतावर 'संगीत सारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. दूर देशी जाऊनही आपली भाषा न टाकणे आणि तेथील भाषेस परकी न लेखणे, ही दोन्ही कामे एकाच घराण्याने केली. आपल्या मंडळांना याहून चांगला धडा कोठे मिळणार?

या परंपरेचा कळस म्हणजे दुसरे सरफोजी. १७९८ साली ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि नेमणूक. हाती तलवार चालविण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा या राजाने ग्रंथ, वैद्यक, चित्रे, संगीत आणि नृत्य यांत मन घातले. सरस्वती महाल ग्रंथालय आज त्याच्या नावाने ओळखले जाते. सरफोजींच्या स्वभावातील एक गोष्ट मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. बालपणी त्यांना शिकविणारे आणि सांभाळणारे जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ १७९८ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ राजांनी फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करविले. मरणशय्येवरील गुरू आणि त्यांचा हात हाती धरून उभा असलेला राजा, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. शिकविणाऱ्याचे ऋण कसे मानावे हे या राजाला कळत होते.

याच सरफोजींच्या दरबारी सुब्बरायन् नट्टुवनारांचे चार पुत्र वाढले : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु. थोरल्याचा जन्म १८०२ चा, धाकट्याचा १८१० चा. कर्नाटक संगीतातील त्रिमूर्तींपैकी मुत्तुस्वामी दीक्षित हे त्यांचे गुरू. या चौघा भावांना 'तंजावर चतुष्टय' म्हणतात. त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे विखुरलेल्या नृत्यप्रकारांना त्यांनी लावून दिलेला क्रम. आरंभी अलारिप्पु, मग जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदे आणि शेवटी तिल्लाना. अंग मोकळे करण्यापासून सुरुवात करावी, हळूहळू कठीण नृत्य आणि गाढ अभिनय यांकडे जावे आणि द्रुत लयीच्या आनंदात समाप्ती करावी, अशी ही रचना आहे. शिष्येचा दम, पाय आणि मन यांचा अभ्यास केलेल्या शिक्षकालाच ती सुचावी. आज मुंबईत, टोरांटोत वा सिडनीत एखाद्या मुलीचा रंगप्रवेश होतो, तेव्हा बहुधा हाच क्रम पाळला जातो. पत्रिकेत त्या चौघांची नावे असतातच असे नाही.

सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचनाही आहेत. त्यांना 'निरूपण' म्हणतात. एका कथेवर, एकाच रागात व एकाच तालात, अठरा निरनिराळ्या नृत्यप्रकारांची माळ गुंफावयाची असा त्यांचा घाट. शब्द मराठी, नृत्याची रीत दक्षिणेची. मराठी भाषेत असे दुसरे साहित्य आमच्या पाहण्यात नाही. परंतु नृत्याची संहिता कागदावर राहिली की ती निजलेली असते. तिला उठविण्यास शिक्षक लागतो. या निरूपणांचे पुढे काय झाले ते आम्ही ओघाने सांगू.

दरबारी शिक्षकाची वाट सुखाची होती असे मात्र नाही. त्याचे पोट राजाच्या मर्जीवर आणि राजाचे उत्पन्न कंपनीच्या नेमणुकीवर. चतुष्टयाला तंजावर सोडून इतर दरबार शोधावे लागले. वडिवेलु त्रावणकोरास स्वाति तिरुनाळ महाराजांकडे गेले. पाश्चात्त्य व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजविणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. महाराजांनी १८३४ साली त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले. चिन्नय्या म्हैसूरला कृष्णराज वोडेयर यांच्या दरबारी गेले. शिवानंदम् तंजावरातच राहिले. एका घरातील विद्या अशी तीन राज्यांत पसरली.

त्याच त्रावणकोर दरबारात त्या काळी तंजावरचा आणखी एक शिक्षक होता. हे तंजावरचे मराठी गृहस्थ सुब्बाराव. इंग्रजीवरील प्रभुत्वामुळे त्यांना 'इंग्लिश सुब्बाराव' म्हणत. ते स्वाति तिरुनाळांचे शिक्षक झाले आणि पुढे त्या संस्थानाचे दिवाण. पुढच्या पिढीत १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेले टी. माधवराव हेही तंजावरी मराठीच. त्यांनी १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविण्यास आरंभ केला आणि ते तेथील दिवाणपदापर्यंत पोहोचले. दोन्ही प्रकारचे शिक्षक तंजावरहून एकाच वाटेने निघाले. इंग्रजी शिकविणाऱ्याला दिवाणपद आणि 'सर' ही पदवी मिळाली. पावले शिकविणाऱ्याला वाद्य, वस्त्रे आणि शाबासकी मिळाली. या फरकात आपल्या समाजाची एक जुनी सवय दिसून येते, ती आम्ही नाकारू शकत नाही.

१८५५ साली दुसरे शिवाजी पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. दरबार उठला. तरी आश्चर्य असे की, पंचवीस वर्षांनी तंजावरच्या नट्टुवनारांना दुसऱ्या एका मराठी दरबाराने हाक दिली. माधवराव १८७५ पासून बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १८८० च्या जानेवारीत, तरुण सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच पुढे पहिल्या चिमणाबाई म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्या माहेरच्या संबंधाने गौरा आणि कांतिमती या नर्तकी, आणि त्यांच्यासोबत नट्टुवनार व वादक बडोद्यास आले. चतुष्टयाच्या वंशातील कण्णुस्वामी हेही त्या दरबारी होते. माहेरचे माणूस सासरी यावे तसे हे नृत्य कावेरीकाठाहून विश्वामित्रीकाठी आले. आणि मग मराठी रिवाजाप्रमाणे एक गंमत घडली. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ हे आडनावाने 'तांजोरकर' झाले. पुणेकर, सातारकर तसे तांजोरकर. तमिळ घराण्याला मराठी प्रत्यय लागला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आपण परमुलखात आपली आडनावे जपतो. येथे आपल्या भाषेने परक्या घराला आपले आडनाव दिले.

विसाव्या शतकात या व्यवसायाने सर्वांत मोठे वळण घेतले. देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १९४७ साली मद्रास प्रांतात कायदा होऊन मुलींना देवास वाहण्यास बंदी झाली. प्रथेतील अन्याय खरा होता. पण त्या लाटेत जन्माने नाचणाऱ्या स्त्रियांचे रंगमंचही गेले. त्यांचे नृत्य मध्यमवर्गीय मुलींनी उचलले आणि त्या मुलींना शिकविण्यासाठी जुन्या नट्टुवनारांनाच बोलावणे आले. पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै हे चतुष्टयाचेच वंशज. १८६९ साली जन्मलेल्या या गुरूकडे साठी उलटल्यावर रुक्मिणीदेवी अरुंडेल शिकल्या आणि १९३५ साली त्यांनी अड्यार येथे नृत्य सादर केले. राम गोपाळ, मृणालिनी साराभाई, शांता राव हेही त्यांचे शिष्य. गुरूला नवे आयुष्य लाभले, मात्र पूर्वीच्या शिष्यांपैकी बहुतेकींना ते लाभले नाही. ही विषमता इतिहासकाराने झाकू नये. बालसरस्वतींसारखी एखादी अपवाद ठरली. त्यांचे गुरू कंदप्पा पिळ्ळै हेही त्याच वंशातले. त्यांनी १९२५ साली सात वर्षांच्या बालसरस्वतींचा रंगप्रवेश करविला आणि अखेरच्या दिवसांत ते हिमालयाच्या पायथ्याशी, अल्मोड्यास, उदय शंकरांच्या केंद्रात शिकविण्यास गेले. १९४१ साली ते वारले. तंजावर ते अल्मोडा हे अंतर नकाशावर मोजून पाहावे, म्हणजे पोटासाठी आणि विद्येसाठी हे लोक कोठवर गेले ते कळेल.

याच सुमारास नट्टुवनार महाविद्यालयाची पायरी चढला. कण्णुस्वामींचे पुत्र पोन्नय्या पिळ्ळै यांनी चिदंबरम्‌जवळच्या अण्णामलै विद्यापीठात संगीताचे अध्यापन केले. १९३३ साली त्यांना संगीत कलानिधी हा मान मिळाला. मद्रासच्या म्युझिक अॅकॅडमीत १९५३ साली बालसरस्वतींची नृत्यशाळा निघाली आणि तेथे कंदप्पांचे पुत्र गणेशन् शिकवू लागले. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात कुबेरनाथ तांजोरकरांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. पुढे बालसरस्वती अमेरिकेतील विद्यापीठांतही शिकवून आल्या.

या स्थित्यंतराने काय दिले आणि काय नेले? महिन्याच्या महिन्यास वेतन आले, राजाच्या लहरीची भीती गेली, गुरुजी प्राध्यापकांच्या पंक्तीस बसले. हा लाभ लहान नव्हे. उलटपक्षी, दहा वर्षांची तालीम तासिकांत वाटली गेली. जी विद्या परीक्षेने मोजता येत नाही तिच्यासाठीही प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, आणि ज्यांच्या पणजोबांनी अभ्यासक्रम रचला त्यांच्या मुलांना पदवीची अट आडवी आली. आणखी एक बदल डोळ्यांना दिसणारा. पूर्वी नर्तकीच्या पाठीमागे उभे राहणारे गुरुजी आता रंगमंचाच्या एका बाजूला सतरंजीवर बसू लागले. बसावयास जागा मिळाली हे बरेच झाले. पण प्रकाशाचा झोत तेथवर क्वचितच पोहोचतो.

आता सरफोजींच्या मराठी निरूपणांकडे वळू. दीडशे वर्षे ती सरस्वती महालात पडून होती. त्यांना उठविले ते दुसऱ्या एका शिक्षकाने. मालवणचे, मुंबईत नृत्य शिकविणारे आचार्य पार्वतीकुमार यांनी या हस्तलिखितांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्यांना नृत्यरूप दिले आणि 'तंजावर नृत्य प्रबंध' हा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ही निरूपणे रंगमंचावर आणली. पुढे त्यांनी पोन्नय्या पिळ्ळैंचे पुत्र किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिक्षण घेतले. मराठी राजाने तमिळ गुरूंना आश्रय दिला होता. सुमारे दीडशे वर्षांनी त्याच गुरूंच्या वंशजाने मराठी मुलीला विद्या दिली. किट्टप्पांनी कोणासाठी दार लावून घेतले नाही. समाजाने नाकारलेल्या नर्तकी नटराज यांना त्यांनी वर्षानुवर्षे शिकविले; त्याच नर्तकी पुढे २०१९ साली पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. किट्टप्पा १९९९ साली निवर्तले.

तंजावरचा अभिमान बाळगताना आपण बहुधा राजवाडा, दरबार महाल, ग्रंथालय आणि वंशावळ यांची नावे घेतो. आमच्या मते त्या राज्याची खरी कमाई याहून वेगळी आहे. ज्या राजांची सत्ता गेली, त्यांनी पोसलेले शिक्षक राहिले. राज्य ५६ वर्षे आधीच कारभारावाचून झाले होते आणि १८५५ साली नावानेही संपले. त्या काळात रचलेला नृत्याचा क्रम मात्र आजही रोज कोठे ना कोठे पुन्हा उभा राहतो. परमुलखात गेलेल्या समाजाने मागे काय ठेवावे, याचे उत्तर यात आहे. इमारत ठेवता आली तर उत्तमच. पण शिकविणाऱ्याला सांभाळले, मग तो आपल्या भाषेचा असो वा नसो, तर इमारत नसली तरी चालते.

म्हणूनच आमच्या 'मास्तरां'चे नाव हरवल्याची खंत अधिक बोचते. चोळ राजाने देवळातील सेवकांची नोंद दगडावर करविली. सरफोजींनी गुरूला संगमरवरात उभे केले. आम्हांला तर केवळ कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापावयाची होती. त्या काळी मास्तरांकडे शिकलेल्या मुली आता आजी झाल्या आहेत आणि देशोदेशी विखुरल्या आहेत. हा अंक त्यांच्यापर्यंत पोहोचेल. त्यांच्यापैकी कोणास मास्तरांचे पूर्ण नाव स्मरत असेल, एखाद्या वहीत त्यांच्या हाताने लिहिलेले बोल राहिले असतील, तर त्यांनी मंडळास अगत्याने कळवावे. स्मरणिकेच्या शेवटी, मंडळाच्या सेवकांच्या यादीत, 'नृत्यशिक्षक' या शब्दापुढे एक ओळ आम्ही कोरी सोडली आहे.